योग्य त्या दुरुस्त्यांसह

माझ्या अंगात एक लेखक आहे, याबद्दल मला स्वतःला कधीच शंका नव्हती. इतरांना असेल, पण मी तो विषयच कधी निघू दिला नव्हता. त्या रविवारी मात्र पेपरात रेडिओ केंद्राचं निवेदन आलं: 'नवलेखकांना संधी. आपल्या लघुकथा व श्रुतिका पाठवा. निवडक लेखन प्रसारित केले जाईल.' मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणालो, "बघ, बोलावणं आलं."

"कुणाला?" बायकोनं विचारलं.

"मला."

तिनं पेपर ओढून घेतला, निवेदन खालपर्यंत वाचलं, उलटून मागची जाहिरातसुद्धा वाचली आणि म्हणाली, "यात तुमचं नाव कुठे आहे?" संसारात असे प्रश्न ऐकून न ऐकल्यासारखे करावे लागतात. मी तिला शांतपणे समजावलं की नवलेखक म्हणजे ज्याचं आजवर काहीही छापून आलेलं नाही असा माणूस, आणि त्या बाबतीत माझी पात्रता वादातीत आहे.

श्रुतिका की लघुकथा, यावर मी दिवसभर विचार केला. श्रुतिकेत दरवाजा वाजतो, बूट वाजतात, मोटार थांबते. एवढी खटपट नवख्या माणसानं का करावी? लघुकथेला फक्त कागद लागतो. विषयही डोक्यात तयार होता. एक नळदुरुस्तीवाला असतो. एकट्या राहणाऱ्या एका बाईच्या घरी तो नळ दुरुस्त करायला जातो. ती त्याला आवडते, म्हणून तो नळ पुरता दुरुस्त करत नाही, थोडा गळता ठेवतो. पुन्हा बोलावणं येतं, तो पुन्हा जातो, पुन्हा थोडा गळता ठेवतो. शेवटी एक दिवस त्याचं मन त्याला खातं आणि तो नळ अगदी पक्का करून, मान खाली घालून निघून जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणं. तो जाऊन पाहतो तर वॉशर जागेवर नाही. तेव्हा त्याला कळतं की इतके दिवस नळ तो एकटाच बिघडवत नव्हता.

कथा लिहून झाल्यावर मी ती बायकोला वाचून दाखवली. तिनं शेवटचं पान माझ्या हातातून घेतलं आणि पुन्हा स्वतः वाचलं. "बरी आहे," म्हणाली. आमच्याकडे 'बरी आहे' हा शेरा माझ्या कुठल्याही गोष्टीला लग्नानंतर प्रथमच मिळाला होता. मला खरंच फार आनंद झाला. कथा त्याच दिवशी पाकिटात घालून पाठवली असती, तर ही हकिगत इथेच संपली असती.

पण शेजारी आहेत. आमच्या शेजारच्यांना आम्ही घरात 'अनुभवी' म्हणतो. तुम्ही काहीही करायला निघा, ते त्यांनी आधीच केलेलं असतं आणि त्यात त्यांचे हाल झालेले असतात. दातांची कवळी बसवायची म्हटली तर त्यांची कवळी घशात गेलेली असते. निवेदनात एक अट होती: लेखकाचं काहीही पूर्वी प्रसिद्ध झालेलं नाही, असं दोन परिचितांनी सहीनिशी लिहून द्यायचं. त्यातल्या एका सहीसाठी मी अनुभवींकडे गेलो.

"आनंदानं देतो," ते म्हणाले. आणि त्यांनी इतक्या आनंदानं दिली की मला वाईट वाटलं. 'सदर गृहस्थांना मी कित्येक वर्षे ओळखतो. यांच्या हातून उल्लेखनीय असे काहीही घडल्याचे माझ्या ऐकिवात नाही.' मी म्हटलं, एवढं लिहायची गरज नव्हती. ते म्हणाले, "राहू द्या, दाखला भक्कम असावा." स्वतः ते मात्र नवलेखकांत मोडत नव्हते. रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दलचं त्यांचं एक पत्र पेपरात छापून आलं होतं, आणि त्याची चौकट दिवाणखान्यात लावलेली होती. प्रस्थापित लेखकाच्या अधिकारानं त्यांनी मला दोन सल्ले दिले. पहिला, कथेत एक तरी खून घाला. दुसरा, आधी ऑफिसची परवानगी घ्या.

"परवानगी कशाला? कथा माझी आहे."

"कथा तुमची आहे, पण तुम्ही ऑफिसचे आहात. आमच्या साडूंच्या भावानं विचारल्याशिवाय नाटकात काम केलं. चौकशी लागली. अजून चालू आहे."

"नाटक?"

"चौकशी."

खुनाचा सल्ला मी सोडला आणि परवानगीचा घेतला. आता वाटतं, उलट करायला हवं होतं.

मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. मसुदे लिहिणं हे माझं काम. माझ्या हातचा एकही मसुदा आजवर जसाच्या तसा पुढे गेलेला नाही. हा माझ्या भाषेचा दोष नव्हे, आमच्याकडे कामाची रीतच तशी आहे. मसुदा टेबलावर आला की त्यात काहीतरी बदलायचं. काहीच बदललं नाही तर वरचा माणूस म्हणतो, तुम्ही वाचलेलाच दिसत नाही. म्हणून 'तरी' असेल तिथे 'तथापि' करायचं, 'तथापि' असेल तिथे 'तरी' करायचं, आणि खाली सही करायची. मी साध्या सूचनेचासुद्धा मसुदा लिहिला तर तो परत येईपर्यंत त्यात माझी फक्त तारीख उरते.

परवानगीसाठी नुसता अर्ज पुरला असता. पण अर्जाला काहीतरी जोडल्याशिवाय आमचा हात थांबत नाही. मी खाली 'सोबत : वरीलप्रमाणे' असं लिहिलं आणि कथेची एक प्रत जोडली. तीही कशी, तर ओळीओळीत दुप्पट अंतर आणि डाव्या बाजूला पानाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा कोरा समास सोडून. इतकी वर्षं टाइप करताना बोटांना तेच वळण पडलेलं. आमच्या कार्यालयात असा समास सोडलेला कागद म्हणजे मसुदा, आणि मसुद्याचं काय करायचं हे सर्वांना पाठ आहे.

फाइल आधी हेडक्लार्ककडे गेली. संध्याकाळी मी सहज डोकावलो तर पहिलंच वाक्य, 'नळ गळत होता', आडव्या रेघेनं खोडलेलं. समासात लिहिलं होतं: 'सदर नळातून किरकोळ स्वरूपाची गळती होत असल्याचे निदर्शनास आले.'

मी म्हटलं, "अहो, ही गोष्ट आहे."

"म्हणून तर किरकोळ म्हटलंय," ते समजुतीच्या स्वरात म्हणाले. "आपल्याच खात्याचा माणूस गोष्ट लिहिणार आणि त्यात नळ गळणार. जरा जपून नको?"

तिथून ती कायदा शाखेत गेली. कायदा शाखा म्हणजे एक वकील आणि एक कपाट. 'ती सुंदर होती' हे वाक्य वकिलांना अजिबात पटलं नाही. "पुरावा काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नळवाल्याला तशी वाटली. "मग ते त्याचं मत झालं. खातं त्यात कसं पडणार?" त्यांनी 'ती सुंदर असल्याचे समजते' असं केलं. नळवाला तिच्याकडे पाहत राहतो, तिथे 'तिच्या पूर्वसंमतीने' हे दोन शब्द घातले, आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आता कुणी बोट ठेवू शकणार नाही."

अधीक्षकबाईंकडे फाइल जाईल तेव्हा जरा मायेनं वाचली जाईल, अशी मला आशा होती. बाई मनानं चांगल्या आहेत, कुणाचं दुखलंखुपलं तर पहिल्या धावतात. त्यांनी मला खुर्ची दिली आणि विचारलं, "ही बाई घरी एकटी असते?"

"हो. तिला कुणी नाही."

"आणि हा माणूस तिच्याकडे सारखा जातो?"

"नळ गळतो म्हणून जातो, बाई."

"नळ गळू दे की. मी काय म्हणते, घरात एक सासू दाखवा. फार बोलायला नको तिनं. नुसती बसू दे खुर्चीवर."

मी सांगून पाहिलं की सासू बसली तर ते दोघं एकमेकांशी बोलणार कसे. बाई म्हणाल्या, "ज्यांना बोलायचं असतं ते सासूसमोरही बोलतात." त्यांनी स्वतःच्या अक्षरात सासू घातली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ती खुर्चीवर बसून होती.

भांडारपालांचा या विषयाशी काडीचा संबंध नव्हता, पण कथेत वॉशर आहे म्हटल्यावर फाइल त्यांच्याकडे गेलीच. जुना वॉशर भांडारात जमा केल्याशिवाय नवीन मिळत नाही, असा त्यांचा आग्रह. त्यामुळे माझा नायक प्रत्येक भेटीनंतर विरहात तळमळण्याऐवजी जुना वॉशर जमा करायला जाऊ लागला.

दरम्यान घरी अनुभवी रोज विचारपूस करत. "लागली का चौकशी?" असं ते जिन्यात मोठ्यानं विचारत. सगळ्या इमारतीला मी काहीतरी केलं आहे एवढंच कळत होतं. दूधवाल्यानं सहानुभूती दाखवली. बायको म्हणाली, "कथा पोचवायची मुदत संपत आली. तुम्ही ती परत का मागत नाही?" मी तिला म्हटलं, आत गेलेली फाइल मधूनच परत मागता येत नाही. ती म्हणाली, "म्हणजे नळासारखंच झालं, कुणालाच ती पुरती व्हायला नकोय." हे वाक्य मला सुचायला हवं होतं.

शेवटी मोठ्या साहेबांनी बोलावलं. आमचे साहेब तसे वाचनाचे शौकीन आहेत असं तेच सांगतात. फाइल त्यांच्यासमोर उघडी होती आणि लाल शाईचं पेन हातात होतं. लाल शाई आमच्याकडे फक्त साहेब वापरतात.

"छान लिहिता," ते म्हणाले. "एकच मुद्दा. हा नळ किती वेळा गळतो?"

"पुन्हा पुन्हा, साहेब. तीच तर गंमत आहे."

"लोकांना गंमत वाटेल, वरच्यांना वाटणार नाही. तक्रार आली की पहिल्याच भेटीत गळती बंद, हे आपलं धोरण. पहिल्या भेटीत नळ दुरुस्त झालाच पाहिजे."

"पण साहेब, नळ दुरुस्त झाला तर तो पुन्हा जाणार कशाला? आणि पुन्हा गेला नाही तर प्रेम कधी बसणार?"

साहेबांनी जरा विचार केला. "पहिल्या भेटीतच बसवा," ते म्हणाले. मग लाल शाईनं मधली सगळी पानं आडवी खोडून त्यांनी शेवट लिहिला: 'अशा प्रकारे गळती पूर्णपणे थांबली व उभयतांनी समाधान व्यक्त केले.' त्याखाली शेरा मारला, 'योग्य त्या दुरुस्त्यांसह मंजूर. स्वच्छ प्रत सहीसाठी सादर करावी. परवानगी केवळ मंजूर मजकुरापुरती राहील.'

मी जागेवर येऊन बसलो. मुदतीचा तो शेवटून दुसरा दिवस. समोर तो लाल, निळ्या, काळ्या शाईनं माखलेला मसुदा होता आणि मला त्याची स्वच्छ प्रत काढायची होती. मला रडू येत नव्हतं, पण यायला हरकत नव्हती. इतक्या वर्षांत माझे हजारो मसुदे बदलले गेले आणि मला कधी काही वाटलं नाही, कारण ते पाणीपट्टीबद्दल होते. हे माझं होतं. पाठवावी तर ही सासू बसलेली कथा माझ्या नावानं जाणार, आणि न पाठवावी तर अनुभवींचा दाखला जन्मभर खरा ठरणार.

मी टंकयंत्रात कागद घातला. 'सदर नळातून' एवढं टाइप केलं आणि बोटं थांबली. तो कागद काढला, दुसरा घातला आणि लिहिलं, 'नळ गळत होता.' पुढची कथा मला पाठच होती. मूळची, जशीच्या तशी, शेवटच्या हरवलेल्या वॉशरसकट. मी हे घाबरत केलं असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. मला आमच्या कार्यालयाची पक्की माहिती आहे. मसुदा सगळे वाचतात. स्वच्छ प्रत कुणीही वाचत नाही, कारण ती वाचणं म्हणजे स्वतःच्याच दुरुस्तीवर शंका घेणं.

तसंच झालं. प्रत्येकानं पानांच्या कोपऱ्यावर आद्याक्षरं टाकली. साहेबांनी मात्र सही करताना मान वर केली. "सगळ्या दुरुस्त्या घेतल्या ना?"

"साहेब, योग्य त्या सगळ्या घेतल्या."

कथा मुदतीत पोचली. आणि निवड झाली. रेडिओ केंद्राचं पत्र आलं तेव्हा मी ते जिन्यात उभा राहून वाचलं, अनुभवींचं दार उघडं होतं म्हणून जरा मोठ्यानं वाचलं. बायकोनं पत्र घेऊन आधी त्यात माझं नाव शोधलं. होतं. तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि डोळे पुसायला आत गेली.

माझा आनंद दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या दालनात संपला. "सगळ्यांनी मिळून ऐकायचं," साहेब म्हणाले. "कथा रेडिओवर दुपारच्या प्रसारणात आहे म्हणता ना? सभागृहात रेडिओ लावा. सर्व शाखा हजर पाहिजेत." मंजूर मजकूर बदलून त्यावर साहेबांची सही घेतली, याला आमच्याकडे एकच शब्द आहे, निलंबन, आणि तो चौकशीच्या आधी येतो. नोकरी गेली तर घर कशावर चालणार, हा विचार मला तेव्हा प्रथम आला. आधी यायला हवा होता, पण आधी मी लेखक होतो.

ठरल्या दिवशी सगळे जमले. मी दाराजवळ बसलो. बाई पुढच्या रांगेत, वकील त्यांच्या शेजारी, साहेब मधोमध. निवेदिकेनं माझं नाव घेतलं, कुणीतरी टाळी वाजवली, आणि एका खोल आवाजाच्या माणसानं वाचायला सुरुवात केली. "नळ गळत होता."

मी हेडक्लार्ककडे पाहिलं. ते मान डोलावत होते. 'ती सुंदर होती' आलं. वकिलांनी डोळे मिटून घेतले. सासू येण्याची जागा आली आणि सासू न येता गेली. बाई पदराशी चाळा करत ऐकत होत्या. मग नळ दुसऱ्यांदा गळला, तिसऱ्यांदा गळला, मी खुर्चीची कड घट्ट धरून बसलो, आणि साहेब पुढे झुकून ऐकतच राहिले. शेवटी वॉशर हरवल्याचं कळलं तेव्हा सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. भांडारपालांनी चष्मा काढून पुसला.

मग एकच गलका झाला. "सुरुवात बघा कशी नेमकी झाली," हेडक्लार्क सर्वांना सांगत होते. "पहिल्या वाक्यावर मी मेहनत घेतली होती." बाई म्हणाल्या, "तरी मी म्हटलंच होतं, ती बाई एकटीच हवी." साहेबांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाले, "शेवट मला सुचला तेव्हा मी यांना बोललो होतो, हा शेवट लागणार." सर्वांनी साहेबांचं अभिनंदन केलं. नंतर एकमेकांचं केलं. माझ्यापर्यंत येईस्तोवर चहा आला.

मी सुटलो होतो. शहाण्या माणसानं तिथे चहा पिऊन घरी जावं. पण माझं डोकं भडकलं होतं. पकडलं गेलो असतो तर निदान कथा माझी आहे हे तरी सिद्ध झालं असतं. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, यात तुमची एकही दुरुस्ती नाही. कुणाचीच नाही. मी मूळ कथा पाठवली."

साहेब हसले. "विनोद चांगला आहे. पण सगळं श्रेय आम्हाला द्यायचं सोडून हे उलटंच काय?"

"खोटं वाटत असेल तर फाइल आणतो." मी धावत जाऊन फाइल आणली. तो रंगीबेरंगी मसुदा उघडला आणि उभ्या उभ्या मोठ्यानं वाचला. सदर नळातून किरकोळ गळती, सुंदर असल्याचे समजते, पूर्वसंमतीने पाहत राहिला, खुर्चीवर सासू, वॉशर भांडारात जमा, उभयतांनी समाधान व्यक्त केले. एक शब्द सोडला नाही.

वाचून संपलं तेव्हा सगळे माझ्याकडे दयेनं पाहत होते.

"असं लिहिलं होतं तुम्ही?" बाई हळूच म्हणाल्या.

"मी नाही, बाई. हे तुम्ही लिहिलंय. ही सासू तुमच्या अक्षरात आहे."

साहेबांनी फाइल हातात घेतली, आपली लाल शाई दुरूनच सर्वांना दाखवली आणि म्हणाले, "हे बघा. किती लाल झालंय पान. एवढं काम करावं लागलं होतं यावर." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "लाजायचं कारण नाही. पहिलं लिखाण असंच असतं. आता नवीन लिहिलंत की निःसंकोच आणा, आम्ही आहोत."

मी चहाचा कप घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसलो. खूप राग आला होता, खोटं कशाला सांगू. सभागृहातून अजून आवाज येत होते. हेडक्लार्क कुणालातरी 'नळ गळत होता' या वाक्यातली ताकद समजावत होते, आणि वकील सांगत होते की 'ती सुंदर होती' याच्यापुढे एक अक्षर घालायची कुणाची बिशाद नाही. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की या माणसांनी माझं एक पानसुद्धा कधी धड ठेवलं नव्हतं, आणि आज तीच माणसं माझ्या कथेतल्या शब्दाशब्दासाठी भांडायला तयार होती. मी चहा संपवला, टंकयंत्रात नवा कागद घातला आणि समास अगदी कडेला, एक अक्षरही मावणार नाही इतका सरकवला.